पाठीवर काहीच न दाखवणारा कॅमेरा

गेल्या महिन्यात साताऱ्यात छायाचित्रांचं एक प्रदर्शन संपलं. शेवटच्या संध्याकाळी आम्ही काही फोटोग्राफर मंडळी तरुण मुलांशी बोलायला बसलो होतो. माझे एक ज्येष्ठ स्नेही तिथे होते. त्यांच्या खांद्याला खांदा लावून मी पंचवीस वर्षं मोर्चे, यात्रा, सभा आणि पूर टिपले आहेत. त्यांनी माझ्या गळ्यातल्या निकॉन एफएम-टूकडे बोट दाखवलं आणि मुलांना म्हणाले, "यांच्यासारखं करू नका. फोटोग्राफरनं माणसांवर जीव लावावा, यंत्रावर नाही. ज्याचा जीव कॅमेऱ्यात अडकला, त्याची नजर समोरून उडाली म्हणून समजा." टाळ्या पडल्या.

मग त्यांनी एकेक मुद्दा घेतला. छत्तीस फ्रेमची शिस्त हवी असेल तर ती डिजिटलवरही पाळता येते. फिल्मचा रंग हवा असेल तर तो संगणकावर दोन मिनिटांत चढवता येतो. निगेटिव्ह टिकते म्हणाल तर तिलाही बुरशी खाते. आणि एका रोलच्या पैशात गरिबाघरचा मुलगा काय काय शिकेल, याचा विचार करा. मी त्या दिवशी काहीच बोललो नाही. संध्याकाळ मुलांची होती, आमच्या वादाची नव्हती. पण घरी आल्यापासून त्यांचं ते पहिलं वाक्य डोक्यातून जात नाही. बाकीच्या मुद्द्यांत पुष्कळ तथ्य आहे आणि ते मी पुढे मान्यही करणार आहे. नजर उडाल्याचा आरोप मात्र मला मान्य नाही. माझा तीस वर्षांचा अनुभव त्याच्या बरोबर उलटा आहे आणि तो सांगायलाच हवा.

आधी हा कॅमेरा काय आहे ते सांगतो, म्हणजे जिव्हाळा कशाशी आहे ते कळेल. एफएम-टू १९८२ मध्ये बाजारात आला आणि २००१ पर्यंत निघत होता. माझा १९८४ नंतरच्या सुधारित घडणीतला आहे, म्हणजे शटरच्या चकतीवर फ्लॅशसाठी १/२५० चा आकडा असलेला. मी तो १९९१ मध्ये मुंबईत फोर्टातल्या बोरा बाजारात जुना म्हणून घेतला. त्याचं शटर सेकंदाच्या चार हजाराव्या भागापर्यंत उघडतं आणि मिटतं, आणि त्या सगळ्या कामाला बॅटरी लागत नाही. दोन बटणसेल असतात, पण ते फक्त आतला लाइट मीटर चालवतात. सेल संपले तर व्ह्यूफाइंडरमधल्या तीन लाल खुणा, अधिक, शून्य आणि उणे, दिसेनाशा होतात. कॅमेरा चालूच राहतो. उन्हात १६ च्या ॲपर्चरवर फिल्मच्या वेगाइतकं शटर ठेवायचं, सावली आली की एकेक पायरी उघडत जायचं, एवढं ज्याला येतं त्याचं काही अडत नाही. लिव्हर ओढली की फिल्म एक घर पुढे सरकते आणि त्याच वेळी शटरची स्प्रिंग ताणली जाते. बटण दाबलं की ती सुटते. सगळं काम दात्यांचं, स्प्रिंगांचं आणि तरफांचं. कुठे काय घडतं ते हाताला कळतं. आणि कॅमेऱ्याच्या पाठीवर एक काळं झाकण आहे. त्यावर काही दिसत नाही. माझं सगळं म्हणणं त्या झाकणापाशी येऊन थांबतं.

१९९८ च्या आषाढवारीत माउलींची पालखी लोणंदहून तरडगावकडे निघाली होती. वाटेत चांदोबाचा लिंब इथे पहिलं उभं रिंगण होतं. रस्त्याच्या दोन्ही कडांना दिंड्या उभ्या, मधे वाट मोकळी, टाळ-मृदंगाचा एकच कल्लोळ, आणि त्या वाटेनं अश्व धावत येतात. सगळं काही सेकंदांत आटोपतं. माझ्या रोलमध्ये अकरा फ्रेम उरल्या होत्या. घोडे आले, मी १/५०० वर दोन फ्रेम घेतल्या, लिव्हर ओढली. त्या दोन फ्रेममध्ये काय आलं, खूर हवेत होते की जमिनीवर, स्वाराचं तोंड दिसलं की झेंड्याआड गेलं, हे कळायला काहीच मार्ग नव्हता. म्हणून मी समोरच बघत राहिलो. डोक्यावर तुळशीवृंदावन घेतलेली एक म्हातारी एका हातानं वृंदावन सावरत खाली वाकली, अश्वाच्या टापांची माती चिमटीत घेतली आणि शेजारच्या अनोळखी पोराच्या कपाळाला लावली. पोरगं दचकलं, मग त्यानं डोळे मिटले. तो फोटो माझ्याकडे आहे. घोड्यांच्या दोन फ्रेम सामान्य निघाल्या.

२००६ मध्ये मी त्याच जागी डिजिटल कॅमेरा घेऊन उभा होतो. घोडे आले, मी बटण दाबून धरलं, तेवढ्यात पंधरा-वीस फ्रेम झाल्या. घोडे पुढे गेले आणि माझी मान खाली गेली. शार्प आहे का, स्वार कापला गेला नाही ना, हे मी कॅमेऱ्याच्या पाठीवर तपासत होतो. मान वर केली तेव्हा दिंड्यांच्या रांगा मोडल्या होत्या आणि लोक चालू लागले होते. मी बाजूला पाहिलं. माझ्या ओळीत सहा-सात फोटोग्राफर होते, माझे हे स्नेहीही त्यांच्यात होते, आणि सगळ्यांच्या माना खाली होत्या. वर्षाकाठी एकदाच येणारी ती घटका ओसरत होती. हजारो माणसं मातीला हात लावत होती, आणि ती टिपायला आलेले आम्ही आपापल्या हातातल्या इवल्याशा चित्राकडे बघत होतो. त्या ओळीत मीही होतो, म्हणून हे ठामपणे सांगू शकतो. नजर समोरून उडते ती अशी.

यावर उत्तर तयार असतं: पाठीमागचा पडदा बंद ठेवा. ठेवता येतो. मी ठेवून पाहिला आहे. त्यावर काळी चिकटपट्टी लावून महिनाभर काम करायचं मी ठरवलं होतं. नवव्या दिवशी ती काढली, आणि ती काढायला मला माझ्या मोहानं भाग पाडलं नाही. एका लग्नघरात नवरीच्या मावशींनी सरळ हात पुढे केला, "दाखवा ना, कसा आलाय?" काय सांगणार? डिजिटल कॅमेरा समोर दिसला की समोरच्या माणसाला माहीत असतं की चित्र आत तयार आहे. मग त्याला ते पाहायचं असतं, आणि ते अगदी स्वाभाविक आहे. पण पाहून झाल्यावर पुढच्या फ्रेमला तो माणूस बदललेला असतो. हनुवटी जरा वर, पोट आत, डोक्यावरची टोपी सरळ. आधीचं चित्र बघून त्यानं स्वतःला दुरुस्त केलेलं असतं. माझ्या एफएम-टूच्या पाठीवर काही नाही हे झाकण बघून लोकांना कळतं. एक-दोनदा विचारतात, मी "रोल आहे" म्हणतो, आणि ते आपल्या कामाला लागतात. कुंभार पुन्हा चाकाकडे वळतो, बाई पुन्हा भाकरी थापू लागते. मला हवा असतो तो फोटो त्यानंतर मिळतो.

कुणी म्हणेल, ज्याचा फोटो काढला त्याला तो बघण्याचा हक्क आहे. शंभर टक्के आहे. म्हणूनच माझ्याकडे पत्त्यांच्या वह्या आहेत. गाव, वाडी, कुणाच्या घराशेजारी, पिन कोड, असं सगळं त्यात लिहून घेतलं आहे. महिन्या-दीड महिन्यानं प्रिंट टपालानं जाते. ती भिंतीवर लागते, देव्हाऱ्याशेजारी लागते, कुणाच्या तेराव्याला हार घालून ठेवली जाते. क्षणभर पडद्यावर दाखवून परत खिशात गेलेल्या चित्रानं तो हक्क पुरा होतो असं मला वाटत नाही.

संयम स्वतःहून पाळता येतो, त्यासाठी यंत्र कशाला, हा मुद्दा मला सगळ्यांत तगडा वाटतो, म्हणून त्याच्यापाशी थोडा थांबतो. मिरजेला तानपुरे बनवणारी घराणी आहेत. भोपळा वाळवण्यापासून जवारी काढण्यापर्यंतचं काम ती पिढ्यानपिढ्या करत आली आहेत. आता बाजारात छोट्या पेटीएवढा इलेक्ट्रॉनिक तानपुरा मिळतो. बटण फिरवलं की पट्टी बदलते, सूर तसूभर हलत नाही, हवामानानं तार उतरत नाही. प्रवासात सगळेच तो वापरतात आणि त्यात काही वावगं नाही. तरीही गुरू शिष्याला तानपुरा हातानं लावायला बसवतात. खुंटी पिळायची, मणी सरकवायचा, तारेखाली धागा अर्धा केस इकडे-तिकडे करायचा, आणि ऐकत राहायचं. सूर लागायला कधी अर्धा तास जातो. त्या अर्ध्या तासात तानपुऱ्याबरोबर कानही लागतो. पेटी लावून "मी आता अर्धा तास लक्षपूर्वक ऐकेन" असं ठरवणारा शिष्य मी पाहिलेला नाही. पेटीत ऐकण्याची गरजच उरत नाही, म्हणून ऐकणं घडत नाही. जिथे वाद्य लावावंच लागतं, तिथे ते घडतं. मिरजेच्या तानपुऱ्यावर जीव असलेल्या गवयाला कुणी भूतकाळात रमलेला म्हणत नाही. त्याचा सूर त्या लाकडाच्या वाटेनं घडला आहे हे सगळ्यांना समजतं. माझं बघणं या कॅमेऱ्याच्या वाटेनं घडलं आहे, आणि तेवढीच समज मी मागतो आहे.

आता माझ्याच बाजूच्या लोकांशी थोडं बोलायला हवं, कारण आमच्यातले काही जण असं बोलतात की प्रतिपक्षाचं काम सोपं होतं. फिल्म खरी, डिजिटल खोटं, असं एक वाक्य सर्रास ऐकू येतं. हे साफ चूक आहे. आमच्या गावातल्या प्रत्येक जुन्या स्टुडिओत रिटचिंगचं टेबल असायचं. खालून उजेड सोडलेल्या काचेवर निगेटिव्ह ठेवून टोकदार पेन्सिलीनं नवरीच्या गालावरचे देवीचे व्रण भरले जायचे, डोळ्यांखालची काळी वर्तुळं घालवली जायची, आणि चेहरा एक छटा उजळ केला जायचा. स्थळं दाखवायला जे फोटो गावोगाव फिरले, त्यातले किती चेहरे असे पेन्सिलीनं घडवलेले होते! रशियात स्टालिनच्या काळात मर्जीतून उतरलेली माणसं छायाचित्रांतून पुसली जात होती, तेव्हा संगणक नव्हता. खोटं बोलायचं ते माणूस ठरवतो. तसंच त्या ग्रेनचं आणि रंगाच्या ऊबेचं. तेवढ्यासाठीच फिल्म वापरत असाल तर माझे स्नेही बरोबर आहेत, ते संगणकावर करा, पैसे वाचतील. आणि शोभेसाठी कपाटात कॅमेरा मांडून ठेवणाऱ्यांबद्दल तर मला खरोखर वाईट वाटतं. वापराविना वंगण घट्ट होतं, शटर अडखळू लागतं, लेन्सवर बुरशीची कोळिष्टकं पसरतात. कोकणात आणि मुंबईत तर दोन पावसाळ्यांत. जीव असेल तर कॅमेरा रोज हातात घ्यावा लागतो.

निगेटिव्हच्या बाबतीत मात्र मी माघार घेणार नाही.

चांदीच्या क्षारांवर उजेड पडला की त्यात नजरेला न दिसणारा सूक्ष्म बदल होतो. डेव्हलपर तो कोट्यवधी पटींनी वाढवून प्रत्यक्ष चांदी करतो. उजेड न लागलेले क्षार हायपोत विरघळून जातात. हायपोचा हा गुण जॉन हर्शेलला १८१९ मध्ये सापडला होता, आणि 'निगेटिव्ह' हा शब्दही त्याचाच. शेवटी हातात येतो तो चांदीचा ठसा असतो. समोरच्या माणसावरून परावर्तित झालेला उजेड त्याच पट्टीवर पडलेला असतो. ती वाचायला कुठलाही प्रोग्राम लागत नाही, खिडकीशी धरली की पुरे. १८९७ मध्ये आंद्रे आणि त्याचे दोन सोबती फुग्यातून उत्तर ध्रुवाकडे निघाले आणि बर्फात हरवले. १९३० मध्ये क्वितोया बेटावर त्यांचे अवशेष सापडले, त्यात स्ट्रिंडबर्ग या तरुण सोबत्यानं काढलेले, न धुतलेले रोल होते. तेहतीस वर्षं बर्फात आणि ओलीत पडलेल्या त्या फिल्ममधून ९३ चित्रं वाचवता आली. बर्फावर आडवा पडलेला फुगा आणि त्याच्याकडे बघत उभी असलेली दोन माणसं त्यात आजही दिसतात.

आता माझं घरचं. २००४ ते २००९ या काळातलं माझं बहुतेक डिजिटल काम एका हार्ड डिस्कवर होतं आणि ती एके सकाळी सुरू झाली नाही. त्यात एका धरणाखाली गेलेल्या वाडीचे शेवटचे दोन महिने होते. त्या वाडीतली माणसं अजून फोटो मागतात. दुसरी प्रत ठेवायला हवी होती, हे स्नेह्यांनी मला तेव्हाही सुनावलं होतं आणि ते खरंच आहे. पण आपल्या घरांतून काय घडतं ते बघा. फोटो सांभाळण्यासाठी कुणी खास काही करत नाही. आजोबा गेले की त्यांचं सामान एका ट्रंकेत जातं, ट्रंक माळ्यावर जाते, वीस वर्षांनी कुणी तरी ती उघडतं. बुटांच्या खोक्यात गुंडाळी करून ठेवलेल्या निगेटिव्ह तिथे निघतात. ओरखडे पडलेल्या, कडेला चिकटलेल्या असतात, पण चेहरे ओळखू येतात. त्याच ट्रंकेत निघालेल्या हार्ड डिस्कमधून काय निघेल? डिजिटल चित्र टिकवायचं तर दर काही वर्षांनी कुणी तरी जागं राहून त्याची नव्या ठिकाणी प्रत करावी लागते. संस्थांना ते जमतं. वाडीवरच्या घराला ते जमत नाही, आणि माझं बहुतेक काम वाडीवरच्या घरांचं आहे. दुर्लक्ष सोसून टिकेल अशी वस्तू तिथे हवी.

फिल्म अमर आहे असं मी म्हणत नाही. २००३ च्या जानेवारीत पुण्यात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाच्या जुन्या नायट्रेट फिल्मांना आग लागली आणि मूकपटांच्या काळापासूनचा ठेवा जळून गेला. ती बातमी ऐकल्यावर आम्ही कितीतरी दिवस अस्वस्थ होतो. ॲसिटेटच्या फिल्मला वय झालं की व्हिनेगरसारखा आंबूस वास सुटतो आणि ती आक्रसते. माझ्याही १९९३ च्या तीन पट्ट्यांवर बुरशी आहे. कपाटात दिवा लावून ठेवला, सिलिकाच्या पुड्या बदलत राहिलो, तरी ती आलीच. पण बुरशी हळूहळू चढते आणि चढताना दिसते. अर्धी पट्टी गेली तरी अर्धी उरते. माझ्या हार्ड डिस्कनं मात्र एका सकाळीच सगळं नेलं.

दुरुस्तीचंही तेच. या कॅमेऱ्याच्या मागच्या झाकणाच्या खाचेत उजेड अडवणारा फोमचा पट्टा असतो. काही वर्षांनी तो डांबरासारखा चिकट होऊन विरघळतो. मी तो आजवर तीनदा स्वतः बदलला आहे, स्पिरिटचा बोळा, बांबूची काडी आणि काळा फोम एवढ्यावर. १९९९ मध्ये शटर मंदावलं होतं. मुंबईतल्या एका कारागिरानं ते समोर बसून उघडलं आणि कुठला दाता थकला आहे ते मला भिंगातून दाखवलं. आठवड्यात कॅमेरा परत मिळाला. माझ्या पहिल्या डिजिटल कॅमेऱ्याचा मुख्य बोर्ड सहाव्या वर्षी गेला, तेव्हा सर्व्हिस सेंटरमध्ये सांगण्यात आलं की या मॉडेलचे पार्ट आता येत नाहीत. काच उत्तम, बॉडी उत्तम, आणि तरी तो कायमचा बंद. असल्या वस्तूवर जीव लावायचा म्हटलं तरी लागत नाही. ती स्वतःच तेवढा वेळ देत नाही.

माझ्या स्नेह्यांनी इतिहासाचाही आधार घेतला होता. त्यांचं म्हणणं असं की आधीचे लोक काचेच्या प्लेटांना चिकटून राहिले असते तर तुमचा हा छोटा कॅमेरा जन्मालाच आला नसता. बरोबर आहे. बारनाकचा लायका १९२५ मध्ये लाइपझिगच्या जत्रेत लोकांसमोर आला, तेव्हा ३५ मिलिमीटरची ती चिमुकली निगेटिव्ह म्हणजे खेळणं, असं प्लेटवाल्यांना वाटलं होतं. पण त्याच इतिहासात आणखी काही दिसतं. होमाई व्यारावाला मुंबईच्या जे. जे. मध्ये शिकल्या आणि पुढे दिल्लीत त्यांनी स्वातंत्र्याच्या आसपासचा काळ टिपला. त्यांच्या हातात स्पीड ग्राफिक असे आणि रोलीफ्लेक्सही. रोलीफ्लेक्स पोटाशी धरून मान खाली घालून त्यात बघावं लागतं. तो कॅमेरा माणसाला वाकायला लावतो, नमस्कार केल्यासारखा. तसं वाकलेल्या फोटोग्राफरकडे बघणाऱ्या माणसाचा चेहरा वेगळा येतो, आणि तो वेगळेपणा त्यांच्या फोटोंत उतरला आहे. छोट्या कॅमेऱ्यानं वेग दिला, जवळ जाण्याची मोकळीक दिली, आणि ते वाकणं नेलं. प्रत्येक बदलात काही हाती येतं आणि काही सुटतं. आपण जमेची बाजू तेवढी लिहितो. खर्चाची बाजू लिहिणाऱ्याला म्हातारपणी हळवा झालेला ठरवणं सोपं असतं, पण त्यानं हिशेब पुरा होत नाही.

डिजिटलनं काय दिलं ते मी जमेला लिहितो. आज एक रंगीत रोल, त्याची धुलाई आणि स्कॅन मिळून हजार-दीड हजाराच्या आत भागत नाही, म्हणजे एका फ्रेमला चाळीसेक रुपये. मी शिकलो तेव्हाही रोल महाग वाटायचा. महिन्याला एकच घ्यायचो, तोही उटीच्या हिंदुस्थान फोटो फिल्म्सचा कृष्णधवल 'इंदू', आणि बटण दाबायच्या आधी घरातल्या दुधाचा हिशेब डोक्यात यायचा. त्या तंगीचं मला कौतुक नाही. आज माण-खटावमधली एखादी मुलगी मोबाइलवर दिवसाला दोनशे फोटो काढते, चुकते, पुसते, पुन्हा काढते, आणि माझ्या दोन वर्षांचं शिक्षण महिन्यात करते. तिच्या हातून मोबाइल काढून तिला रोल घ्यायला लावणारा माणूस मी नाही. लग्नकार्याला मी स्वतः डिजिटलच नेतो. फिल्मची जीभ स्पूलमध्ये नीट अडकली नाही म्हणून १९९५ मध्ये एका मुलीच्या लग्नातला अख्खा रोल कोरा गेला होता. लिव्हर ओढताना रिवाइंडची चकती फिरते आहे का, हे मी त्या गर्दीत पाहिलं नाही. त्या मुलीच्या वडिलांचा चेहरा मी विसरलेलो नाही. रसायनांची बाबही खोटी नाही. फिल्मच्या जिलेटिनला जनावरांची हाडं लागतात, आणि वापरलेला हायपो गटारात सोडणं हा गुन्हाच मानायला हवा. तो कॅनमध्ये साठवून चांदी काढणाऱ्याकडे द्यावा लागतो, मी देतो. वर्षाला माझे पंचवीसएक रोल होतात. तेवढ्या कामासाठी मे महिन्यात नळाचं तीस अंशांचं पाणी बर्फाच्या घमेल्यात ठेवून वीस अंशांवर आणायचं, डी-७६ डेव्हलपर मोजून घ्यायचा, टँक दर मिनिटाला उलटा-सुलटा करायचा, आणि पट्टी बाहेर काढून उजेडाकडे धरायची.

ती पट्टी उजेडाकडे धरताना मला वाटतं ते सांगतो, कारण जिव्हाळ्याचा खरा पुरावा तिथे आहे. रोल भरल्यापासून धुवेपर्यंत महिना गेलेला असतो. त्या महिनाभरात न पाहिलेले छत्तीस फोटो मनात असतात. तुळशीवृंदावनवाली म्हातारी मी रात्री झोपताना आठवायचो. तिचा हात कुठे होता, पोराचे डोळे मिटले होते की उघडे, पाठीमागची पताका कुठल्या बाजूला कलली होती. माझ्याकडे चित्र नव्हतं, म्हणून मला माणूस आठवत राहावा लागला. फोटो हातात आला तेव्हा ती बाई मला ओळखीची झाली होती. पुढच्या वर्षी मी तिला दिंडीच्या नंबरवरून शोधून काढलं आणि प्रिंट दिली. तिनं फोटोतल्या पोराला ओळखलं नाही. पण स्वतःच्या हाताकडे बराच वेळ बघत राहिली आणि म्हणाली, "ही माती दिसती बघ." डिजिटलवर काढलेले माझे कितीतरी चांगले फोटो आहेत, आणि त्यांतल्या माणसांची नावं मला आठवत नाहीत. फोटो त्याच मिनिटाला पाहून झाला होता, त्यामुळे त्या माणसांना मनात धरून ठेवण्याचं कारणच उरलं नाही.

माझ्या स्नेह्यांनी कार्यक्रमानंतर चहा पिताना मला विचारलं, "हा बंद पडला की काय करशील?" प्रश्न मायेनं विचारला होता. कारागीर थकले आहेत, फोर्टातली दुकानं एकेक करून मोबाइलचे कव्हर विकायला लागली आहेत, हे त्यांना माहीत आहे आणि मलाही. एफएम-टूचे सुटे भाग मिळावेत म्हणून मी दोन बंद पडलेल्या बॉडी घेऊन ठेवल्या आहेत. एक तरुण मुलगा माझ्याकडे दर रविवारी येतो, त्यानं त्यातली एक स्क्रू-स्क्रू करून उघडली आणि परत जोडली. तिचं शटर आता १/१००० पर्यंत बरोबर चालतं. पुढचे दोन वेग अजून जमलेले नाहीत, तो त्याच्या मागे आहे.

माझे ज्येष्ठ स्नेही, तुम्ही हे वाचत असाल तर माझी एक विनंती आहे. या आषाढात पालखी लोणंदहून निघेल तेव्हा माझ्याबरोबर चला. आपण दुपारीच पुढे होऊन चांदोबाच्या लिंबापाशी जागा धरू, पूर्वी धरायचो तशी. तुमचा कॅमेरा आणा, चांगला आहे, मला त्याच्याबद्दल काही म्हणायचं नाही. घोडे गेल्यावर मान वर ठेवा आणि संध्याकाळी तरडगावच्या तळावर मला सांगा, माती आधी कुणी उचलली.